कॅमेऱ्याला माणूस लागतोय

"ह्यो घेऊ नका, साहेब," त्रिंबककाका म्हणाले.

मी नुकताच कपाटातून काढलेला छोटा कॅमेरा काउंटरवर तसाच राहिला. समोर तेलगावचे मोहनराव खुर्चीवर बसले होते. त्यांची मुलगी राजनंदिनी काचेवर कोपर टेकून उभी होती आणि गल्ल्यावर आमचे शिवशंकरशेठ जपमाळ ओढत सगळ्यांवर नजर ठेवून होते. मला आधी वाटलं, काका थट्टा करतायत. कारण हाच कॅमेरा त्यांनी आमच्या दुकानातून आजवर निदान चाळीस जणांना घ्यायला लावला होता.

"कावून? काय वाईट हाय त्यात?" मोहनरावांनी विचारलं.

"खेळणं हाय ते. तुमच्या घराण्याला शोभंल असं घ्या." काकांनी वरच्या फळीकडे बोट दाखवलं. "हरिओम, त्यो मोठा काढ."

वरच्या फळीवरचा तो काळा कॅमेरा आमच्याकडे दोन वर्षं धूळ खात पडला होता. कॅमेरा चांगलाच, पण विटेएवढा जड आणि त्याचा पडदा मागच्या बाजूला पक्का बसवलेला. समोर उभं राहून स्वतःचे व्हिडिओ स्वतःच काढणाऱ्याला आपण चौकटीत आहोत की आपलं अर्धं डोकं बाहेर गेलंय, हे त्यात काही केल्या कळायचं नाही. मागे दुसरा माणूस लागतोच. मी स्टुलावर चढलो, कॅमेरा खाली काढला आणि फडक्याने पुसत पुसत काकांकडे बघितलं. त्यांनी मान दुसरीकडे वळवली होती.

अंबाजोगाईत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. मी तिथे नऊ वर्षं नोकरीला आहे. पूर्वी आमच्याकडे फक्त लग्नाचे शूटिंगवाले यायचे. आता रोज दोन-तीन नवखे येतात. कुणाला शेंगदाण्याची चटणी शिकवायची असते, कुणाला बैलांच्या शर्यती दाखवायच्या असतात, कुणाला नुसतं गाडीत बसून जगाला उपदेश करायचा असतो. येताना मोबाइलवर दिल्लीतल्या कुणा पोराने सांगितलेली कॅमेऱ्याची यादी घेऊन येतात आणि त्यातलं एक अक्षर त्यांना कळलेलं नसतं. खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं. ही सगळी विद्या मला त्रिंबककाकांकडून मिळाली.

काका सिरसाळ्याचे. बॅटरी नाहीतर मेमरी कार्ड घ्यायला एसटीने यायचे आणि परतीची गाडी येईपर्यंत आमच्या स्टुलावर बसायचे. कुणी नवखा गोंधळून उभा दिसला की त्यांना राहवायचं नाही. "एकटाच काढणार का मागं कुणी हाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. एकटाच असेल तर सांगायचे, "मग हलका घे. पडदा उलटा फिरून तुझं तोंड तुलाच दिसलं पायजे. तू हललास तर कॅमेऱ्यानं सोताहून तुझं तोंड धरून ठिवलं पायजे. जड घेशील तर आठ दिवसांत माळ्यावर जाईल. आन् माइकची पिन बघून घे बरं, लोक वंगाळ चित्र बघत्यात, वंगाळ आवाज न्हाई ऐकत." ह्याबद्दल त्यांनी शेठकडे कधी काही मागितलं नाही. शेठनेही चहापलीकडे कधी काही दिलं नाही.

हा माणूस बाविसाव्या वर्षापासून लग्नं काढत होता. तेलगाव ते सिरसाळा ह्या पट्ट्यात तीस वर्षांत लागलेल्या निम्म्या लग्नांत खांद्यावर कॅमेरा घेऊन तोच घामाघूम झालेला असायचा. कॅमेरा चालवणारे पुष्कळ असतात. काकांना मंडप वाचता यायचा. कुठला मामा रुसून बसलाय, कुठल्या भावकीचं कुणाशी वाकडं आहे, कुणाचा आहेर टिपायचा राहिला तर वर्षभर घरात भांडण चालेल, हे त्यांना न सांगता समजायचं. मग ड्रोनवाली पोरं आली. चार कॅमेरे, क्रेन, नवरानवरीला शेतात पळायला लावून काढलेली गाणी. काकांच्या वाट्याला उरली शाळांची स्नेहसंमेलनं आणि दहाव्याचे विधी. गेली दोन वर्षं घर चालत होतं ते सुभद्राबाईंच्या, म्हणजे काकूंच्या ऊसतोडीवर.

आमच्याकडे ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता मुकादम सहसा टोळीत घेत नाही. काकू इतकी वर्षं आपल्या विधुर भावाबरोबर जोडी करून जायच्या. ह्या चैत्रात भाऊ ट्रॉलीवरून पडला आणि त्याचं कंबरडं गेलं. सटवा मुकादमाने निरोप दिला, जोडी असेल तर दसऱ्यापर्यंत सांगा, नाहीतर मी दुसरं बघतो. जोडी म्हणजे आता काका. बावन्नाव्या वर्षी, ज्याने आयुष्यात कधी ऊस तोडला नाही असा माणूस.

आणि नेमका तेव्हाच मोहनरावांचा निरोप आला. जिल्हा परिषदेचा त्यांचा गट बायकांसाठी सुटला होता. पुण्यात शिकत असलेली राजनंदिनी त्यांनी घरी आणली होती, आणि निवडणुकीआधी तिचं तोंड घराघरात पोचावं म्हणून तिचं चॅनल काढायचं ठरलं होतं. ती गावोगाव फिरणार, बायकांशी बोलणार, रोज एक व्हिडिओ. मोहनराव काकांना म्हणाले होते, "त्रिंबक, कॅमेरा तू निवडून दे. मग पुढचं बघू."

आमच्याकडच्या पुढाऱ्याच्या तोंडातून 'पुढचं बघू' आलं की त्यापुढे काही नसतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. काकांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण आठ दिवस आधी माझ्या स्टुलावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पोराचा झाला होता. "रोज एक व्हिडिओ म्हणजे रोजचं काम, हरिओम. गाडी त्यांची, जेवण त्यांचं. सुभद्रीला सांगितलं, यंदा तू बी जाऊ नको." चहा थंड झाला तरी बोलतच होते.

तर हा माणूस आता माझ्यासमोर उभा राहून तीस वर्षांत पहिल्यांदा कॅमेऱ्याबद्दल खोटं बोलत होता.

राजनंदिनीने मोठा कॅमेरा उचलला आणि लगेच खाली ठेवला. "बाप रे. किती जड आहे, काका."

"जडच पायजे, ताई. हात हलत न्हाई. आन् तुमाला कुठं उचलायचाय? मागं मी हाय की." हे ते हसत म्हणाले, पण बघत मात्र मोहनरावांकडे होते. मोहनराव मोबाइलमध्ये होते.

"पण मी कशी दिसतेय ते मला दिसायला नको का?"

"मी बघतो की. तुमच्या बारशापसून बघायलोय तुमाला." मग त्यांनी जरा घसा साफ केला. "कॅमेऱ्याला माणूस लागतोय, ताई. यंत्राला तोंड दिसतं, पर कुणाचं तोंड घ्यावं ते कळत न्हाई. तुमच्या चुलत्याच्या लग्नात अक्षता पडायल्या तवा तुमची आजी खांबाला टेकून एकटीच रडायल्ती. समदे म्हणले, नवरीकडं कर, नवरीकडं कर. म्या आजीकडं केला. म्हातारी पुढच्या महिन्यात गेली. आज तुमच्या घरात तिचं हालतं-बोलतं तेवढंच हाय."

मोहनरावांनी मोबाइलमधून मान वर केली. त्यांचा चेहरा क्षणभर बदलला. "खरं हाय ते," ते म्हणाले. "आईचं तेवढंच हाय."

मला वाटलं, झालं, जमलं काकांचं. शेठलाही तेच वाटलं असणार, कारण ते माझ्याकडे बघून भुवया उडवत होते, जाऊ दे मोठा, जाऊ दे. दोन वर्षांचा अडकलेला माल जात होता. त्या दुकानातल्या एकूण एक माणसाचं त्या खोट्यात भलं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं.

तेवढ्यात राजनंदिनी माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही सांगा. बिगिनरने कोणता घ्यावा?"

मला आजवर कुणी सर म्हटलेलं नव्हतं. गिऱ्हाइकं मला 'ए भाऊ' म्हणतात, शेठ 'हऱ्या' म्हणतात. पुण्यात शिकलेली, छान कपड्यातली पोरगी मला सर म्हणाली, माझं मत विचारत होती, आणि मला मोठेपणाची हाव सुटली. दुसरं काही कारण नव्हतं. पुष्कळदा शोधून बघितलं.

"एकट्याने शूट करणार असाल तर छोटाच घ्या, मॅडम," मी म्हणालो. "ह्याचा पडदा उलटा फिरतो, तुम्ही स्वतःला बघत बोलू शकता. तुम्ही चालत राहिलात तरी हा तुमचा चेहरा धरून ठेवतो. मागे कुणीच लागत नाही." आणि एवढ्यावर न थांबता मी पुढे म्हणालो, "मी कशाला, काका स्वतःच सगळ्यांना हेच सांगतात. परवाच चटणीवाल्या बाईंना हाच दिला ना, काका? जड घेतला तर आठ दिवसांत माळ्यावर जातो, म्हणालात."

काकांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"काय बे, त्रिंबक?" मोहनराव म्हणाले. आजीची गोष्ट संपली होती. "लोकाला एक सांगायलास आन् आमाला एक?"

"त्यांची गोष्ट येगळी हाय, साहेब."

"कावून येगळी?"

काका फडक्याने मोठा कॅमेरा पुसू लागले. राजनंदिनीने मात्र छोटा कॅमेरा हातात घेतला होता आणि तिला तो आवडला होता. पडदा उलटा करून ती स्वतःकडे बघून केस नीट करत होती. मग तिने तो काकांवर धरला. "काका, जरा दारापर्यंत चालून दाखवा ना. फेस पकडतो का बघते."

काका दारापर्यंत गेले आणि परत आले. पडद्यावर एक छोटा हिरवा चौकोन त्यांच्या तोंडाला चिकटून त्यांच्याबरोबर चालत होता.

"वॉव. आता बोला काहीतरी. आवाज चेक करायचाय. सर, माइक लावा ना त्यांना."

मी काउंटरबाहेर आलो आणि काकांच्या शर्टाच्या कॉलरला माइक लावला. शर्ट धुऊन इस्त्री केलेला होता. काकांचा श्वास माझ्या हाताला लागत होता. मी लावला माइक, व्यवस्थित लावला, वारा लागू नये म्हणून त्यावर फोमचं बोंडही चढवलं.

"काय बोलू?" काका म्हणाले.

"काहीपण."

कॅमेऱ्यासमोर उभं राहायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. त्यांनी आधी लेन्सकडे बघितलं, मग लेन्समागच्या पोरीकडे, आणि बहुतेक त्यांना वाटलं की हीच शेवटची संधी आहे. "कॅमेऱ्याला माणूस लागतोय, ताई," ते म्हणाले. "मी दिवसभर थांबंल. गाडीत मागं बसंल, डिक्कीपाशी. भाकर माझी मी आणंल. तुमाला माझी आडचण व्हणार न्हाई. साहेबाला सांगा तुमी. ह्यो छोटा घ्या, ह्योच घ्या, ह्योच चांगला हाय, पर मागं मला ऱ्हाऊ द्या. नुसता धरून उभा ऱ्हाईन." शेवटच्या वाक्याला आवाज फाटला. माइक चांगला होता, सगळं स्वच्छ आलं.

मोहनराव मोठ्याने हसले. मनात काही ठेवून हसले नाहीत, त्यांना खरंच गंमत वाटली. "माणूस लागतोय म्हणं! आरं, माणसं तर माझ्या दारात ढिगानं पडल्यात. कॅमेराच नव्हता." मग शेठही हसले. राजनंदिनी हसू दाबत म्हणाली, "काका, रिलॅक्स. टेस्ट होती." मीही हसलो.

खरेदी झाल्यावर शेठने रिवाजाप्रमाणे मोहनरावांना शाल आणि नारळ दिला. तो फोटो कोण काढणार? शेठने आपला मोबाइल काकांच्या हातात दिला. "त्रिंबक, घे एक." काकांनी फोटो काढला. शेठचे डोळे मिटले होते म्हणून आणखी एक काढला. राजनंदिनीला बोलावून तिघांचाही एक काढला.

येताना काका मोहनरावांच्या गाडीतून आले होते. जाताना मोहनराव म्हणाले, "तू एसटीनं ये, त्रिंबक. नंदिनीला अजून बाजार करायचाय, जागा व्हणार न्हाई." एवढी मोठी पांढरी गाडी आणि तिच्यात ड्रायव्हर धरून तीन माणसं. गाडी गल्लीतून बाहेर पडेपर्यंत काका पायरीवर उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरोबर सांगितलंस तू. पोरीला त्योच पायजे व्हता." आणि स्टँडकडे चालू लागले.

चौथ्या दिवशी राजनंदिनीच्या चॅनलवर पहिला व्हिडिओ आला. गावातल्या बायका नाही, प्रश्न नाहीत, भेटीगाठी नाहीत. चाळीस सेकंद नुसते काका. 'कॅमेऱ्याला माणूस लागतोय, ताई' ह्या वाक्यानंतर ढोलकीचा तुकडा, 'गाडीत मागं बसंल'नंतर गाढवाचं ओरडणं, आणि आवाज फाटतो तिथे तोच तुकडा तीनदा फिरवलेला. खाली लिहिलं होतं, माझा पहिला कॅमेरा आणि माझे पहिले फॅन. दोन दिवसांत तो व्हिडिओ बीड जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरला. मागे आमच्या दुकानाची पाटी दिसत होती म्हणून शेठने तो आपल्या स्टेटसला ठेवला आणि मलाही ठेवायला लावला. विक्री वाढली. नवखी पोरं येऊन म्हणायची, "त्यो माणूसवाला कॅमेरा दाखवा."

सिरसाळ्यात काकांचं नावच पडलं. ते रस्त्याने निघाले की पानटपरीवरून कुणीतरी ओरडायचं, "माणूस लागतोय का माणूस?" शाळेने स्नेहसंमेलनाचं काम दुसऱ्याला दिलं, पोरं आवरत नाहीत म्हणून. मग एका दहाव्याला जे झालं ते मी तिथे हजर असलेल्या आमच्या एका गिऱ्हाइकाकडून ऐकलं. नदीकाठी पिंड ठेवलेला, सगळे कावळ्याची वाट बघत बसलेले. अर्धा तास झाला तरी कावळा शिवेना. काका कॅमेरा लावून पिंडासमोर बसले होते. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "कावळ्याला बी माणूस लागतोय." आधी एकजण खुसखुसला, मग दोघं, आणि मग तो सगळा मुंडण केलेल्या भावकीचा घोळका तोंडावर उपरणं धरून हसायला लागला. मेलेल्याची बायको रडायची थांबून बघायला लागली. थोरला मुलगा उठून काकांपाशी आला आणि हात जोडून म्हणाला, "तुमी जावा, काका. तुमच्यामुळं बापाचा इधी बिघडायलाय." काकांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि ते गेले. म्हणे कावळा त्यानंतर लगेच आला.

हे ऐकल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मी स्वतःची बाजू घेत नाही, जे झालं ते सांगतो. तिसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी होती, मी सिरसाळ्याला गेलो. माफी मागायची, काय होईल ते होईल, असं ठरवून गेलो होतो. दसरा चार दिवसांवर आला होता. गल्लीत ठिकठिकाणी टोळ्यांची बांधाबांध चाललेली. काकांच्या दारात पत्र्याची पेटी, दोन पातेली आणि ज्वारीचं पोतं ठेवलेलं होतं.

सुभद्राबाई घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत उभ्या होत्या. अंगात साडीवर जुना पुरुषी शर्ट, पदर कमरेला खोचलेला. त्यांच्यासमोर जमिनीत जुन्या कडब्याची ताटं ओळीने रोवली होती, आणि काका हातात कोयता घेऊन ती तोडत होते. त्या त्यांना शिकवत होत्या.

"वाका. आणखी. बुडातून घाव घाला, वरून न्हाई."

काका वाकले, घाव घातला, ताट मधूनच चिरलं. कमरेवर हात ठेवून ते सरळ झाले.

"सरळ नगा व्हऊ. वाकल्यालंच ऱ्हायचं. सरळ झालं की कंबर धरती. मुकादम काय थांबत न्हाई."

"सुभद्रे, जरा पाणी दे."

"आठ तोडा, मग देते." त्यांच्या आवाजात राग नव्हता. पहिल्यांदा पोहायला शिकवताना आपण पोराशी जसं बोलतो तसं त्या बोलत होत्या. काका पुन्हा वाकले. मी कुडाच्या आडोशाला उभा होतो. सुभद्राबाईंनी मला बघितलं, कदाचित व्हिडिओत मी मागे दिसलो होतो, त्यावरून ओळखलं. त्या दोन पावलं माझ्याकडे आल्या, काकांची पाठ आमच्याकडे होती.

"तुमीच व्हय त्या दुकानातले?"

मी मान हलवली.

"त्यांच्याशी काई बोलू नगा," त्या हळू म्हणाल्या. "आता कुठं हात बसायलाय. तुमाला बघितलं तर परत कोयता खाली ठिवतील."

मी आल्या पावली परत फिरलो. स्टँडपर्यंत मागून कोयत्याचा आवाज येत होता, एक घाव बरोबर, दोन चुकीचे. माफी मागायला हिंमत लागते ती माझ्यात होती की नव्हती, हे त्या बाईने मला कळूच दिलं नाही. मला मनातून सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज अजून वाटते.

थंडीत निवडणूक लागली. निवडणूक लागली की आमच्याकडचे पुढारी गावात कमी आणि उसाच्या फडावर जास्त दिसतात, कारण निम्मा मतदार तिकडेच खोप्या घालून राहिलेला असतो. राजनंदिनी चार दिवस कर्नाटकाच्या सीमेवर फिरून आली आणि थेट दुकानात शिरली. आता तिच्याबरोबर दोन पोरं आणि गळ्यात पक्षाचा गमछा होता.

"सर, कॅमेरा खराब निघाला तुमचा. सगळ्यांची तोंडं काळी येतायत."

मी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. ती माझ्या बाजूला स्टूल ओढून बसली. ब्लँकेट वाटतानाचे व्हिडिओ होते. तोडलेल्या उसाचा फड, मागे ढळढळीत सूर्य, आणि त्यापुढे हात पुढे करून उभ्या असलेल्या काळ्या आकृत्या. बाई आहे की बाप्या आहे तेसुद्धा कळत नव्हतं. कॅमेऱ्याचा काही दोष नव्हता. दहा-बारा व्हिडिओ तसेच निघाले.

तेराव्यात डोक्याला फडकं गुंडाळलेली एक बाई होती, तीही काळीच. तिच्या मागे डोक्यावर उसाची मोळी घेतलेला एक माणूस वाट अडली म्हणून थांबला होता. मोळीचे शेंडे त्याच्या तोंडावर आले होते.

"मावशी, घ्या ना ब्लँकेट. थोडं हसा," व्हिडिओतली राजनंदिनी म्हणाली.

मोळीखालून आवाज आला. "ताई, ऊन तुमच्या तोंडावर हाय, म्हंजी तिच्या पाठीवर हाय. तुमी हिकडून या. तिला सूर्याकडं तोंड करू द्या. मग दिसंल."

"अं? इकडून?"

"आणखी. बांधापर्यंत या. हां. आता थांबा."

चित्र हललं, जमीन दिसली, पाचट दिसलं, आणि मग स्थिरावलं. बाईचा चेहरा उजळून समोर आला. सुभद्राबाई होत्या. गालावर उसाच्या पात्याने ओढलेली बारीक रेघ, कपाळावर घाम, पापण्यांवर धूळ, सगळं दिसत होतं. मोळीवाला माणूस चौकटीच्या कडेला उभा होता. तो आपण होऊन दोन पावलं मागे सरला आणि दिसेनासा झाला. "आता घ्या," एवढं ऐकू आलं.

त्यानंतरचे सगळे व्हिडिओ चांगले आले होते.

"अरे, हे मस्त आलंय की," राजनंदिनी म्हणाली. "हेच पहिलं टाकू. फक्त हा मधेच कोण बोलतोय, तेवढं काढा." मग ती पडद्याजवळ वाकली. "सर, आवाज ओळखीचा वाटतो ना? कोण आहे हा?"

तिचं बोट पुन्हा मागे नेण्याच्या बटणापाशी होतं. हो म्हटलं असतं तर तिने त्याची वेगळी क्लिप केली असती, ढोलकी घातली असती आणि फडावर, खोपीत, मोळीखालीही त्याला तेच ऐकावं लागलं असतं.

"कुणी नाही," मी म्हणालो. "टोळीतला कुणीतरी असेल."

मी त्याचं बोलणं निवडलं, मोळी दिसते तिथपासून 'आता घ्या'पर्यंत. बावीस सेकंद होते. ते काढून टाकले आणि दोन्ही टोकं जोडून दिली. मग तिच्या देखत कार्डावरूनही पुसले. आता व्हिडिओ सरळ सुभद्राबाईंच्या उजळलेल्या चेहऱ्यावरच सुरू होत होता. हातात ब्लँकेट, पण नजर कॅमेऱ्याकडे नव्हती. त्या बाजूला, चौकटीबाहेर, तो जिथे जाऊन उभा राहिला होता तिकडे बघत होत्या.

"मावशी कॅमेऱ्यात बघत नाहीयेत," राजनंदिनी म्हणाली. "पण चालेल. फेस क्लिअर आहे."